जुन्या जीपमागे होडीची ट्रॉली : हळदोणे ते शिवोली, सल्ला पाहिजे

हळदोणकर
मंडळी नमस्कार. घरी १९७२ची महिंद्रा सीजे ३बी आहे, पेट्रोल, हरिकेन इंजिन, नंबर अजून जीडी सिरीजचा जुनाच. गाडी चालती आहे, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला हमखास बाहेर निघते. १४ फुटी फायबरची होडी आहे, मागे १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. पावसात होडी घरी अंगणात ताडपत्रीखाली असते आणि पाऊस ओसरला की शिवोलीला धक्क्यावर न्यायची, आतापर्यंत भाड्याचा पिकअप सांगायचो पण त्याचे भाव आता ऐकवत नाहीत. म्हटलं जीप आहे तर ट्रॉली करून घेऊ. गावातला वेल्डर म्हणतो चॅसिसला मागे हुक मारून देतो, अर्ध्या दिवसाचं काम. जीप ओढेल याबद्दल शंका नाही, लो गिअरला तर घर पण ओढेल. बाकी काय काय बघायचं? कोणी जुन्या गाडीने ट्रॉली ओढलीय का इथे?

बोलेरोवाला
कशाला त्या म्हातारीला त्रास. कोणाची तरी बोलेरो माग, डिझेल टाकून दे, काम झालं. माझं मत.

फोंड्याचो मेस्त
बोलेरोवाल्याचं अगदीच चूक नाही पण ज्याच्याकडे जीप आहे तो ऐकणार नाही हे मला माहीत आहे, गिऱ्हाइकं अशीच येतात माझ्याकडे 😄

हळदोणकर बाब, ओढायचं सोडा. जीप ओढणारच. थांबवायचं काय ते बोलू. तुमच्या जीपला चारी चाकांना ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे चारपैकी एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक होज फुटला की चारही ब्रेक एकदम गेले, नव्या गाडीसारखे निदान दोन तरी राहतील अशी सोय नाही. रिकाम्या जीपला हे चालून जातं कारण गाडी हलकी आणि तुम्ही तीसने चालवता. मागे चारशे किलो लावले की तोच पेडल तोच पाय, पण थांबवायचं वजन जवळजवळ दीडपट.

आधी चारही ड्रम उघडा. लायनर किती राहिलेत, व्हील सिलिंडरच्या रबराच्या टोप्या ओल्या आहेत का ते बघा, टोपी जरा वर केली आणि आत ओल दिसली तर किट बदला, पुसून परत लावू नका. रबरी होज बाहेरून चकाचक दिसतात पण आतून फुगलेले असतात, मग पेडल सोडल्यावरही चाक धरून राहतं आणि ड्रम तापतो. ब्रेक ऑइल किती वर्षांचं आहे? हे ऑइल हवेतला ओलावा पितं आणि आपल्या गोव्याच्या हवेत तर विचारूच नका. डॉट ३ ताजं असताना २०५ डिग्रीला उकळतं, पाणी प्यायलेलं १४०च्या आसपास उकळायला लागतं. उतारावर ड्रम तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल सरळ फळीला टेकतो. गळती वगैरे काही नाही, गाडी थंड झाली की परत पेडल येतो आणि लोक म्हणतात मेस्त तुला काय सापडलंच नाही.

आणि वेल्डिंग नको. पुढच्या पोस्टमध्ये सांगतो, गिऱ्हाईक आलंय.

हळदोणकर
धन्यवाद मेस्त. ऑइल मागच्या मालकाच्या... नाही, मागचा मालक म्हणजे माझे वडीलच 😅 विचारून सांगतो. होडी साधारण दीडशे किलो, मशीन चाळीस, पेट्रोलचा कॅन, नांगर, जाळं, आणि ट्रॉली स्वतः दीडशे-पावणेदोनशे होईल असं वेल्डर म्हणतो. म्हणजे चारशे, फार तर साडेचारशे. ट्रॉलीला ब्रेक नसणार.

ऑलिव्ह ग्रीन
साडेचारशे म्हणजे बरोबर काठावर आहात. महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवर जी माहितीपट्टी असायची तिच्यावर मागे ओढायचं जास्तीत जास्त वजन १००० पाउंड लिहिलेलं असायचं, म्हणजे साधारण ४५० किलो. तुमची सीजे ३बी त्याच घराण्यातली, इंजिन जास्त ताकदीचं, पण व्हीलबेस तोच ८० इंच आणि ब्रेक काही फार सुधारलेले नाहीत, त्यामुळे इंजिन मोठं म्हणून आकडा वाढवायचा मोह नको. इंग्लंडमध्येही बिनब्रेकच्या ट्रॉलीला गाडीच्या वजनाच्या निम्मं किंवा ७५० किलो यातलं जे कमी ते, असा हिशोब असतो. तुमची जीप टनाच्या आसपास, निम्मं म्हणजे पाचशे. दोन्हीकडून तिथेच येतो आपण.

जाता जाता, त्या काळी जीपसाठी जी पाव टनी लष्करी ट्रॉली बनवली होती ती पाण्यावर तरंगायची, खाली पाणी काढायला बूच असायचं. होडी न्यायला होडीच 😀 तिलाही चालता ब्रेक नव्हता, नुसता पार्किंगचा हँडब्रेक.

फोंड्याचो मेस्त
हां, वेल्डिंग. जीपचा मागचा क्रॉस मेंबर म्हणजे चॅसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा, त्यात चिखल-पाणी साठून तो आतून गंजतो, समुद्राच्या हवेत जास्तच. बाहेरून रंग चांगला दिसतो. लहान हातोडी घ्या आणि इंचाइंचावर वाजवा. चांगल्या पत्र्याचा खणखणीत आवाज येतो, गंजलेल्या जागी थप्प असा बसका आवाज येतो आणि कधी कधी हातोडी आतच जाते. आधी हे, मग हुक. आणि हुक बोल्टवर घ्या, आतून जाड प्लेट देऊन, जमलं तर आडव्या पट्टीने दोन्ही बाजूच्या चॅसिसपर्यंत जोर वाटून. पन्नास वर्षांच्या पत्र्यावर वेल्डिंग मारलं की वेल्ड तुटत नाही, वेल्डच्या शेजारचा पत्रा चिरतो, आणि चीर रंगाखाली असते म्हणून दिसत नाही. ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट. साधे बाजारातले बोल्ट वापरू नका.

नियमवाला
मेस्तनी बोल्टचं सांगितलं त्याला अजून एक कारण जोडतो. २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमात व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे. तुमची १९७२ची म्हणजे वयात बसते. उद्या तुम्हाला व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर चॅसिसला वेल्ड केलेला हुक कशाला दाखवायचा, बोल्टचा असेल तर काढून ठेवता येतो.

पण आता दुसरी बाजू ऐका. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती आणि त्यासाठीची ये-जा एवढ्यासाठीच काढता येते, रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच. होडी धक्क्यावर नेणं यात कुठे बसतं ते तुम्हीच सांगा. नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी आहे, पुढे नूतनीकरण ५,०००, मुदत १० वर्षं. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला नंबरात व्हीए अक्षरं येतात. त्यामुळे होडी ओढायची असेल तर साध्या खासगी नोंदणीवरच राहा, ती मुदतीत आहे का तेवढं बघा.

आणि ट्रॉली. कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलाय. म्हणजे ट्रॉलीलाही नोंदणी आणि विमा. गावात वेल्डरने बनवलेल्या शंभर ट्रॉल्या बिननंबरच्या फिरतात हे मलाही दिसतं पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारणार. ऑर्डर देण्याआधीच आरटीओत जाऊन विचारा, बनवून झाल्यावर नाही.

हळदोणकर
हे नोंदणीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच जातो म्हापशाला. व्हिंटेजचा विचार चालू होता घरात, आता थांबतो.

ओहोटी
मी शिवोलीकडचा, धक्क्यावर रोज असतो म्हटलं तरी चालेल. वर सगळे रस्त्याबद्दल बोलताहेत, माझ्या डोळ्यासमोर मात्र धक्क्याचा उतार आहे. जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो हे किती जणांना माहीत आहे? तो ट्रान्सफर केसच्या, म्हणजे चार बाय चारच्या गिअरच्या डब्याच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर छोटा ड्रम असतो, त्याला धरतो. मध्ये डिफरन्शियल आलं, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर. उतारावर मागचं एक चाक शेवाळावर आणि दुसरं कोरड्यावर असलं तर हँडब्रेक टाइट असूनही शेवाळावरचं चाक उलटं फिरतं, कोरड्यावरचं सुलटं, आणि जीप आरामात नदीत. ब्रेक फेल वगैरे काही नाही. ड्रायव्हर खाली उतरून होडीची दोरी सोडत असतो तेव्हाच हे होतं.

बोलेरोवाला
असं कसं होईल, हँडब्रेक ओढला म्हणजे मागची चाकं लॉक. काहीही.

फोंड्याचो मेस्त
होतं. बोलेरोवाले, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लाव, मागची दोन्ही चाकं स्टँडवर घे, हँडब्रेक पूर्ण ओढ, आणि डावं चाक हाताने फिरव. फिरेल. आणि उजवं उलट्या दिशेने फिरताना दिसेल. जॅकवर एकच चाक उचलून पंक्चर काढताना जीप सरकते ती ह्याच कारणाने.

ओहोटी
बरोब्बर. उपाय साधा आहे. उतारावर मागे घेण्याआधीच चार बाय चार लावायचं, लो मध्ये. मग पुढचा शाफ्टही त्याच हँडब्रेकला बांधला जातो आणि पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं एकदम घसरल्याशिवाय गाडी हलत नाही. पण पुढे फ्री व्हीलिंग हब, म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे हब, बसवलेले असतील तर ते हाताने लॉक केलेले हवेत, नाहीतर लिव्हर ओढून काही उपयोग नाही, पुढचा शाफ्ट नुसता लोंबकळतो. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, आणि मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे, ठोकळ्याला दोरी बांधून दोरी वर कडीला, म्हणजे निघताना विसरले तरी मागोमाग येतात. गाडीत कोणी बसलेलं नको, पोरं तर मुळीच नको.

भरती बघून या. ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि तिथेच सगळं हिरवं असतं. भरती पूर्ण चढली की वरच्या कोरड्या कॉंक्रीटवर टायर ठेवूनच होडी तरंगते, जीपची मागची चाकं पाण्यात घालायची गरजच नाही. घातलीच तर वर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, ओले ड्रम धरत नाहीत. आणि डिफरन्शियलचं ऑइल तपासा, ताकासारखं पांढरं झालं असेल तर पाणी आत गेलंय.

ट्रॉलीची बेअरिंगं ही वेगळीच कटकट. म्हापशाहून येईपर्यंत हब तापलेला असतो, तसाच खाऱ्या पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पुढच्या मोसमात चाक जाम. धक्क्यावर पोचल्यावर हबला हात लावून बघा, गार होईपर्यंत चहा घ्या. सीझन संपला की बेअरिंग काढून धुऊन नवीन ग्रीस. लाइटचा प्लगही पाण्यात जाण्याआधी काढायचा, तापलेला बल्ब पाण्यात गेला की टिचतो.

ऑलिव्ह ग्रीन
लाइटवरून आठवलं. सीजेला जुना डायनॅमो असेल तर मंद इंजिनवर तो काहीच देत नाही, वर ट्रॉलीचे बल्ब वाढले की सिग्नलवर उभं असताना सगळेच लाइट पिवळे पडतात. इंडिकेटरचा जुना तापणारा फ्लॅशर जास्त बल्ब लावले की भराभर लुकलुकतो, आणि सगळे एलईडी लावले तर लुकलुकतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा, स्वस्त असतो. ट्रॉलीला वेगळी अर्थिंगची वायर ओढा, हुकातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, हुकाचा ग्रीस लावलेला बॉल करंट कधी देतो कधी नाही.

हळदोणकर
हँडब्रेकचं वाचून घाम फुटला. हब फ्री व्हीलिंगच आहेत. बरं, होडी ट्रॉलीवर कशी ठेवायची? मशीन मागे असल्यामुळे मागेच भार येणार ना?

ओहोटी
हाच खरा प्रश्न. मशीन मागे, म्हणजे होडीचं ढुंगण जड. ट्रॉलीचा भार चाकांच्या मागे गेला की हुक वर उचलला जातो, जीपचा मागचा भाग हलका होतो, आणि एका वेगाला ट्रॉली डावी-उजवी हलायला लागते. आपली जीप ८० इंची, म्हणजे आखूड, तिला ट्रॉली सहज फिरवते. हुकावर एकूण भाराच्या १० टक्के तरी वजन हवं, तुमच्या साडेचारशेला पंचेचाळीस किलो. मोजायला घरातला वजनकाटा बस. सपाट जागी, ट्रॉली पूर्ण भरलेली, पेट्रोल नांगर सगळं जिथे असतं तिथे, आणि ट्रॉलीचं तोंड हुकाच्या उंचीला येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर ठेवून. कमी आलं तर होडी पुढे सरकवा, पुढची अडण आणि विंच पुढे घ्या, किंवा वेल्डरला सांगा चाकांचा एक्सल मागे घे. अजून ट्रॉली बनायची आहे तर एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट सरकवता येईल असाच बोल्टवर ठेव म्हणावं. फार पुढेही नको, जीपचे मागचे पाटे बसले की पुढची चाकं हलकी आणि स्टिअरिंग तरंगतं.

चालताना ट्रॉली हलायला लागलीच तर ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने तिचा पाठलागही करू नका. पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, आपोआप शांत होते. मग बाजूला घेऊन भार बघा.

करासवाडा
मी वाचक, मध्येच घुसतो. हुकाच्या बॉलचं माप बघा. बाजारात ५० मिलिमीटरचे आणि पावणेदोन इंचाच्या वरचे, म्हणजे १ पूर्णांक ७/८ इंचाचे, असे दोन्ही मिळतात आणि लहान बॉलवर ट्रॉलीच्या तोंडाची मोठी टोपी व्यवस्थित बसल्यासारखी वाटते, खटका पण लागतो. पहिल्या हंपवर उडते. आपल्याकडे हंपांची काय कमी आहे, दर शाळा, दर देऊळ, दर खुरीस (क्रूस). टोपी लावल्यावर ट्रॉलीच्या जॅकने तोंड वर उचलायचं, जीपचा मागचा भाग वर यायला लागला तर पकडलंय, नाही आला तर नाही. आणि दोन साखळ्या, हुकाखालून एकमेकींवर आडव्या, म्हणजे टोपी निसटली तरी तोंड साखळीच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. साखळी हुकाच्या प्लेटला नको, चॅसिसला. प्लेटच सुटली तर साखळी कशाला मग.

मार्क टू
माझ्याकडे अँबॅसेडर मार्क टू आहे, छोटी सामानाची ट्रॉली लावून बेळगावला न्यायची इच्छा आहे, चोर्ला घाटातून. जमेल का?

फोंड्याचो मेस्त
चढायला जमेल, रेडिएटर स्वच्छ असेल तर. उतरताना काय करणार ते सांगा. अँबॅसेडरला जीपसारखं वेगळं चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते, मागे डिकीचा पत्रा आणि खालचे दोन लांब मेंबर. हुक डिकीच्या पत्र्याला लावला तर पत्राच घेऊन जाईल. मेंबरपर्यंत लांब पट्ट्या न्याव्या लागतील आणि ते गंजलेले नसतील तर. मार्क टूला चारी ड्रम. चोर्ल्याची वळणं तुम्हाला माहीत आहेत, वर धुकं, पावसाळ्यात डोंगरावरून रस्त्यावर पाणी. ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्येच टाकायला गेलात आणि नाही पडला तर गाडी न्यूट्रलला आणि मागून ट्रॉली ढकलतेय. जीपवाल्यांना तर जास्तच सांगतो, तीन गिअरच्या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, चालत्या गाडीत तो पडत नाही, डबल क्लच करता येत असेल तरच. ब्रेक दाबून धरून ठेवायचा नाही, दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. माझं ऐकाल तर ट्रॉली न लावता जा, सामान बसने पाठवा.

मार्क टू
स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार 🙏 बायकोला दाखवतो.

दिवाडी
आमच्या वाड्यावर पोरांनी दिवाळीचा नरकासुराचा पुतळा जुन्या जीपमागे हातगाड्याच्या चाकांवर बांधून नेला होता, दोरीने. तो उतारावर जीपच्या पुढे गेला 😂 कृष्णाच्या आधी जीपच मेली असती.

नियमवाला
हसायचं आहे पण दोरीने ओढणं फक्त बंद पडलेल्या गाडीसाठी, तेही दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागच्या गाडीत स्टिअरिंगवर माणूस हवा. नरकासुराच्या हातात स्टिअरिंग दिलं असतं तरच नियमात बसलं असतं.

हळदोणकर
अपडेट देतो. आरटीओत विचारून आलो, ट्रॉली नंबरसकट मिळेल अशा माणसाकडूनच घ्यायची ठरवली, वेल्डरला नाही म्हटलं, तो जरा रुसलाय. क्रॉस मेंबर हातोडीने वाजवला, डाव्या कोपऱ्यात हातोडी आत गेली. मेस्त, फोंड्याला जीप घेऊन येऊ का तुमच्याकडे? ब्रेकचंही सगळं एकदमच करू. वडील म्हणतात ऑइल "बदललंय केव्हातरी".

फोंड्याचो मेस्त
केव्हातरी म्हणजे समजलं 😄 या, पण चालवत येऊ नका, ब्रेक आधी न बघता बाणस्तारीचा रस्ता नको. टोइंगवर टाकून आणा. होज मी मागवून ठेवतो, क्रॉस मेंबरचा डावा तुकडा नवीन करावा लागेल, दोन आठवडे धरा. वेग किती ठेवणार?

हळदोणकर
साठ?

फोंड्याचो मेस्त
चाळीस. चाळीसचे साठ केले की थांबवायचा जोर सव्वादोनपट लागतो, दीडपट नाही. आणि टायर बघा, बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक आहे म्हणून दहा वर्षांचे टायर घेऊन येऊ नका.

ओहोटी
झालं की इथे टाका, भरतीची वेळ मी कळवतो. सकाळची भरती बघू, दुपारी धक्क्यावर मासळीच्या गाड्या असतात, मागे घ्यायला जागा मिळत नाही. ठोकळे आहेत माझ्याकडे, नवीन करू नका.